विश्वास : आस्तिक, नास्तिक आणि अज्ञेयवादी यांच्या दृष्टीने

एखादे विधान खरे आहे असे मनाशी धरून चालणे म्हणजे विश्वास, ही तत्त्वज्ञानातील ढोबळ व्याख्या. ईश्वराच्या संदर्भात ती अपुरी पडते, कारण तेथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात : ‘ईश्वर आहे’ हे विधान मान्य असणे आणि त्या ईश्वरावर भरवसा टाकणे. ईश्वर आहे असे म्हणणारी, पण त्याच्याशी काही देणेघेणे नसलेली माणसे पुष्कळ सापडतात. उलट भाविकाला भरवसाच महत्त्वाचा वाटतो. अस्तित्वाचा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच वेगळा उभा राहतो. आस्तिक-नास्तिक वाद बरेचदा येथेच भरकटतो. एक जण पुराव्याबद्दल बोलत असतो, दुसरा नात्याबद्दल.

अज्ञेयवादी म्हणजे धड इकडचा ना तिकडचा, ही समजूत रूढ असली तरी दिशाभूल करणारी आहे. ईश्वराविषयी काही कळू शकते का, हा ज्ञानाचा प्रश्न. त्याला मानता का, हा विश्वासाचा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे देणारा तो अज्ञेयवादी, आणि तो दुसऱ्याचे उत्तर कसेही देऊ शकतो. अज्ञेयवादाची इंग्रजी संज्ञा टॉमस हेन्री हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये घडवली. त्याच्या लेखी तो पंथ नव्हता, पद्धत होती : जे सिद्ध झालेले नाही ते निश्चित असल्याचा आव आणायचा नाही. विचार त्याहून कितीतरी जुना. देव आहेत की नाहीत हे आपल्याला कळू शकत नाही, विषय दुर्बोध आहे आणि आयुष्य तोकडे, असे ग्रीक विचारवंत प्रोटॅगोरस म्हणत असे. बुद्धाचा समकालीन संजय बेलट्ठिपुत्त परलोकाबद्दल ‘आहे’ही म्हणायला तयार नव्हता आणि ‘नाही’ही.

नास्तिकांतही दोन तऱ्हा आहेत. काही जण ईश्वर नाही असे ठामपणे म्हणतात. काहींचे म्हणणे एवढेच की मानायला पुरेसे कारण दिसत नाही. दुसऱ्या तऱ्हेच्या मते पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. पृथ्वी आणि मंगळ यांच्या दरम्यान चिनी मातीची एक किटली सूर्याभोवती फिरते आहे, ती इतकी लहान की दुर्बिणीतूनही दिसणार नाही, असे कोणी म्हटले तर ते खोटे ठरवण्याचे ओझे ऐकणाऱ्यावर पडत नाही, हे बर्ट्रंड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५२ मध्ये दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. हाच रसेल तत्त्वज्ञांपुढे स्वतःला अज्ञेयवादी आणि सामान्य माणसापुढे नास्तिक म्हणवून घेणे योग्य समजे. ॲल्विन प्लँटिंगा या आस्तिक तत्त्वज्ञाने पुराव्याची ही अटच नाकारली. आपण स्मरणशक्तीवर विसंबतो, समोरच्याला मन आहे असे धरून चालतो. त्यासाठी आधी युक्तिवाद मांडत नाही. ईश्वरावरील विश्वासही तसाच मूलभूत असू शकतो, असे त्याचे म्हणणे.

भारतीय दर्शनांत विभागणीची रेषा वेगळीकडून जाते. तेथे आस्तिकत्वाची रूढ कसोटी वेदप्रामाण्य, म्हणजे वेदांना प्रमाण मानणे, ही आहे. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारी पूर्वमीमांसा (वेदांतील कर्मविधींचा विचार करणारे दर्शन) आस्तिक ठरते, आणि जैन व बौद्ध दर्शने जडवादी चार्वाकांच्या रांगेत नास्तिक म्हणून बसतात.

पुराव्यावाचून विश्वास ठेवणे नैतिक आहे का, हा प्रश्न डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञ-तत्त्वज्ञाने १८७७ मध्ये धसास लावला. त्याचे उदाहरण असे : एका जहाजमालकाला आपले जुने जहाज समुद्रप्रवासाला टिकेल की नाही याची शंका येते. तपासणी आणि दुरुस्ती खर्चाची. तेव्हा तो शंका मनातच दाबतो, इतक्या फेऱ्या सुखरूप झाल्या तशी हीही होईल अशी स्वतःची खात्री पटवतो आणि जहाज हाकारतो. ते बुडते, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचा खरा मुद्दा पुढे आहे : जहाज सुखरूप पोहोचले असते तरी मालक तितकाच दोषी, कारण तो विश्वास बाळगण्याचा त्याला हक्कच नव्हता. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ मध्ये याला उत्तर दिले. निवड टाळता येण्याजोगी नसेल, महत्त्वाची असेल आणि बुद्धीला निर्णय देता येत नसेल, तर तेथे मनाचा कल कौल देऊ शकतो. उत्तर समर्थ आहे. मात्र या अटींत काय काय बसवता येईल, हा धोका उरतोच.

ठरवून विश्वास ठेवता येतो का, ही अडचण फ्रेंच गणितज्ञ व विचारवंत ब्लेझ पास्कालच्या पैजेत उघडी पडते. ईश्वर असेल तर लाभ अपार, नसेल तर तोटा अल्प, म्हणून मानणेच शहाणपणाचे, हा तिचा आशय. पण हिशेब पटला म्हणून मन वळत नाही, हे पास्काललाही ठाऊक होते. म्हणून त्याने संशयी माणसाला आधी श्रद्धाळूसारखे आचरण सुरू करायला सांगितले. पैज लावायची कोणत्या ईश्वरावर, हा आक्षेप मात्र तसाच राहिला. फ्रेंच विचारवंत दनी दीद्रोने तो एका वाक्यात मांडला : एखादा इमामही हेच म्हणू शकेल.