मैदानात मुलांसाठी खेळणी हवीत? अर्ज कुठे अडतो आणि त्यात मटेरियल कसं लिहायचं

आमदार निधीतून झोपाळे-घसरगुंडी बसवून घ्यायचे अर्ज मी मुंबईतल्या आमच्या म्हाडा लेआउटमधल्या लोकांना गेली काही वर्षं लिहून देतोय. बहुतेक अर्ज जागेच्या कागदावरून परत येतात. आणि जे पास होतात त्यात "चांगल्या प्रतीची खेळणी बसवावीत" एवढंच लिहिलेलं असतं, मग जी काही खेळणी येतात ती दोन पावसाळ्यांत गंजतात आणि नवीन मागायला गेलं की "तुम्हाला तर आत्ताच दिली" हे उत्तर मिळतं.

अर्ज कोणीही रहिवासी करू शकतो, पण सोसायटीच्या लेटरहेडवर, मीटिंगचा ठराव जोडून आणि आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांच्या सह्या घेऊन दिलात तर वजन पडतं. मुख्य अट जागेची आहे, ती सार्वजनिक वापराची पाहिजे आणि ज्याच्या मालकीची त्याची एनओसी पाहिजे.

सगळे अडतात ते इथेच. लोक अर्जात लिहितात "देवळामागचं मैदान". ऑफिसला देवळामागचं मैदान कळत नाही हो, त्यांना सीटीएस नंबर, म्हणजे त्या जागेचा नगर भूमापन क्रमांक लागतो. तो मालमत्ता पत्रकावर असतो, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते, आणि ते आता ऑनलाइनही निघतं. त्यावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते आधी बघा. म्हाडाच्या वसाहतींमध्ये इमारतीखालची जागा सोसायटीच्या नावावर झाली असेल तरी मधला आरजी प्लॉट, म्हणजे खेळायला-फिरायला मोकळी ठेवलेली जागा, बहुतेक वेळा म्हाडाकडेच असतो, त्यामुळे सेक्रेटरीने "आमची हरकत नाही" असं कितीही पत्र दिलं तरी उपयोग नाही, बांद्रा पूर्वेच्या गृहनिर्माण भवनात जाऊन मिळकत व्यवस्थापकाकडे रीतसर अर्ज टाकावा लागतो. पालिकेची बाग असेल तर वॉर्ड ऑफिसमधून उद्यान खात्याकडे. सोबत महापालिकेचा डीपी शेरा, म्हणजे विकास आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवलीय त्याचा कागद, काढून ठेवा, कारण प्लॉटवर रस्त्याचं किंवा पार्किंगचं आरक्षण निघालं तर पुढची सगळी धावपळ फुकट जाते. एनओसीला महिने लागतात आणि कोणी आपणहून सांगत नाही की फाइल कुठल्या टेबलावर आहे, याचा मला अजूनही राग येतो. म्हणून पहिल्या दिवशी इनवर्ड नंबर, म्हणजे अर्जाचा आवक क्रमांक घ्या आणि जपून ठेवा.

पुढचं सोपं आहे. आमदारांचं शिफारस पत्र, उपनगरात असाल तर बांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नियोजन शाखेकडे, मग इस्टिमेट, मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर. देखभाल कोण करणार हे विचारलं जातंच, तेव्हा त्याचं पत्र आधीच जोडा. तारखेचा मात्र घोळ होतो. ३१ मार्च ही आर्थिक वर्षाची अखेर आहे, अर्ज द्यायची शेवटची तारीख नाही. मार्चमध्ये पत्र घेऊन येणारे दर वर्षी भेटतात, आणि तेव्हा त्यांना परत पाठवताना मलाच वाईट वाटतं. गणपतीच्या आधी कागद हलवा. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली तर जे काम जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेलं नाही ते, वर्क ऑर्डर निघालेली असली तरी, सुरू करता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता मटेरियल. इस्टिमेट बनवणाऱ्यासमोर तुमचं पत्र असतं, त्यात स्पष्ट लिहिलेलं असेल तर ते इस्टिमेटमध्ये यायची शक्यता वाढते, नाहीतर टेंडर सगळ्यात कमी रेटवाल्याला जातं आणि तो साध्या एमएस (साधं लोखंड) पाइपला रंग मारून आणतो. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वरून खारी हवा. आमच्याकडच्या झोपाळ्याचा पाइप वरून लाल चकचकीत होता, पण जमिनीलगत जिथे तो काँक्रीटमध्ये जातो तिथे मी नाण्याने ठोकलं तर टण्ण असा आवाज यायच्या ऐवजी भुसा भरल्यासारखा आवाज आला आणि रंगाचा पोपडा नखाने निघाला, आत चाळणी झालेली. त्याच झोपाळ्यावर दहा मिनिटांपूर्वी दोन पोरं होती.

म्हणून पत्रात असं लिहा की पाइप कापून, वेल्डिंग करून झाल्यावर हॉट डिप गॅल्वनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून थर देणं), आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे, आणि त्यावर पावडर कोटिंग. "झाल्यावर" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण बाजारातला जीआय (आधीच जस्ताचा थर दिलेला) पाइप आणून वेल्डिंग केलं की सांध्यावरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. काँक्रीटचा माथा उतरता पाहिजे, पाणी साचता कामा नये. स्टेनलेस स्टील म्हणत असतील तर ग्रेड लिहून घ्या, ३०४, आणि समुद्राजवळ असाल तर ३१६. लोहचुंबक लावून खात्री करायला जाऊ नका, २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि ते स्वस्तातलं असून इथे लवकर गंजतं, त्यापेक्षा मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

घसरगुंडी फायबरची नको, वरचा थर झिजला की काचेचे धागे मुलांच्या मांड्यांत शिरतात आणि आई बिचारी पावडर लावत बसते घामोळं समजून. यूव्ही स्टॅबिलाइज्ड रोटोमोल्डेड एलएलडीपीई, म्हणजे उन्हात टिकणारं, साच्यात ओतलेलं प्लास्टिक लिहा. स्टीलची घसरगुंडी मेमध्ये तव्यासारखी तापते, घ्यायचीच असेल तर सावलीत. खाली पेव्हर ब्लॉक अजिबात नको, रबर टाइल्स किंवा ईपीडीएम (जागेवर अंथरायचं रबर), आणि त्याची जाडी खेळण्याच्या उंचीप्रमाणे. कोणी आयएस ९८७३ चा कागद दाखवला तर त्यातला भाग ४ घरगुती वापराच्या झोपाळे-घसरगुंडीसाठी आहे, सार्वजनिक मैदानासाठी ईएन ११७६ या युरोपीय मानकाचं सर्टिफिकेट विचारा.

इस्टिमेटची कॉपी कोणी देत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खेळणी टेम्पोतून उतरली की ती कॉपी हातात घेऊन, काँक्रीट पडायच्या आत एकेक पाइप बघून घ्या, कारण पाइप एकदा जमिनीत गेला की खालचं टोक दिसत नाही, आणि सगळ्यात आधी सडतं ते तेच.