हार्ट फेल्युअरमधील वजन : पाण्याचे आणि चरबीचे

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू न शकण्याच्या आजाराच्या, रुग्णाला रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टर 'रोज वजन करा' असे सांगतात, आणि त्याच बैठकीत पुष्कळदा 'वजन कमी करा' असेही सांगतात. दोन्ही सूचना योग्य असल्या तरी त्या दोन वेगळ्या वजनांविषयी आहेत. पहिलीत अभिप्रेत आहे ते अंगात साठणारे पाणी, आणि दुसरीत चरबी, त्यातही पोटाच्या आतल्या अवयवांभोवतीची. काटा मात्र या दोन्हींची बेरीज दाखवतो. म्हणून पुण्यातल्या घराघरांत असे घडते, की सकाळी काट्यावर दीड किलो जास्त दिसले की आजोबांचा रात्रीचा भात बंद होतो. पानातले लोणचे, पापड आणि मीठ घातलेले ताक मात्र तसेच चालू राहते. पाणी वाढलेले असताना उपाय चरबीवरचा केला जातो, आणि त्यात मोलाचे दोन-तीन दिवस निघून जातात.

पाण्याचे वजन कसे वाढते ते आधी पाहू. हृदयाची पंपिंगची ताकद कमी झाली, की मूत्रपिंडांकडे पुरेसे रक्त पोहोचत नाही. मूत्रपिंडांना त्यावरून शरीरातले पाणी कमी झाल्याचा संदेश मिळतो आणि ती मीठ व पाणी धरून ठेवू लागतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे ही वाढ एका रात्रीतही दिसू शकते. याउलट एक किलो चरबी साठण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे 7,700 कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. तीन दिवसांत दोन किलो चरबी वाढवायची तर पंधरा हजारांहून अधिक जादा कॅलरी खाव्या लागतील, आणि दिवाळीच्या फराळातही ते कोणाला जमणार नाही. म्हणूनच तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली, तर ते पाणीच आहे असे धरून डॉक्टरांना कळवावे. 'लघवीची गोळी' वाढवायची का, हे त्यांनी ठरवायचे असते. काही रुग्णांना ती मुभा आधीच लिहून दिलेली असते.

पाण्याची खूण अंगावरही दिसते. नडगीच्या हाडावर अंगठा दहा-पंधरा सेकंद घट्ट दाबून धरावा आणि उचलावा. खळगा पडला आणि तो लगेच भरून आला नाही, तर तेथे पाणी आहे. मोज्याच्या रबराचा वळ खोल उमटतो, चपलेचा पट्टा घट्ट होतो, परकराची नाडी रोजच्या ठिकाणी बसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायांवर सूज दिसणार नाही, ती कमरेच्या मागच्या बाजूला उतरते. वाकून चप्पल घालताना दम लागणे, आडवे झाल्यावर दम लागतो म्हणून झोपताना एका उशीच्या दोन उशा होणे, जेवायला बसल्यावर चार घासांतच पोट भरणे, या तक्रारीही त्याच पाण्याच्या आहेत. शेवटची तक्रार बहुधा यकृतात आणि आतड्यांत रक्त तुंबल्यामुळे असते. चरबी यातले काहीही दोन दिवसांत करत नाही.

येथे दुसरा एक घोटाळा होतो आणि तो मला अधिक धोक्याचा वाटतो. पाय सुजले म्हणून पेठेतल्या औषधाच्या दुकानातून सूज उतरवण्याची गोळी आणली जाते. ती बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असते. ही औषधे दाहावर काम करतात, म्हणजे मुरगळलेल्या घोट्यासारख्या लाल, गरम आणि दुखऱ्या सुजेवर. हृदयविकारातली दोन्ही पायांवरची सूज बहुधा थंड असते, दुखत नाही, आणि ती दाहाची नव्हे, तुंबलेल्या पाण्याची असते. त्या पाण्यावर या गोळ्यांचा काही उपयोग होत नाहीच. उलट त्या मूत्रपिंडांना मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. गुडघेदुखीसाठी घेतलेल्या गोळ्यांनीही हेच होते. मात्र एकच पाय सुजून दुखू लागला, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. तेव्हा घरी थांबू नये.

मग दाहाचा आणि वजनाचा संबंध नाही का? आहे, पण तो चरबीच्या वजनाशी. पोटाच्या आतली आणि हृदयाच्या बाहेरच्या आवरणालगतची चरबी निष्क्रिय पडून राहत नाही. तिच्यातून इंटरल्युकिन-6, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाहकारक द्रव्ये रक्तात मिसळतात, त्यांच्या प्रभावाने यकृत सीआरपी हे प्रथिन जास्त बनवते, आणि हा मंद दाह वर्षानुवर्षे चालू राहून सूक्ष्म रक्तवाहिन्या व हृदयाचा स्नायू ताठर करत जातो. टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग चांगले दिसत असूनही चार पायऱ्या चढताना दम लागणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये या यंत्रणेचा वाटा मोठा मानला जातो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या स्टेप-एचएफपीईएफ या चाचणीत अशाच 529 लठ्ठ रुग्णांना 52 आठवडे सेमाग्लुटाइड हे वजन उतरवणारे औषध किंवा निष्क्रिय इंजेक्शन दिले गेले. औषध मिळालेल्यांचे वजन सरासरी 13.3 टक्क्यांनी उतरले, सीआरपी 43.5 टक्क्यांनी उतरले आणि त्यांचे चालणेही सुधारले. थेट दाहच दाबण्याचा प्रयत्न त्याआधी झाला होता. पंपिंग कमी झालेल्या रुग्णांना टीएनएफ रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब दिले, तेव्हा जास्त मात्रेच्या गटात प्रकृती बिघडण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण वाढले; 2003 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणून सीआरपीचा अहवाल हाती आला की दाहावरचे औषध मागण्यात अर्थ नाही.

चरबी मोजण्याच्या बाबतीत पुण्याने जगाला एक महत्त्वाची गोष्ट दाखवली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, 22.3 होता, पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दोघांनी ही तुलना 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छायाचित्रासह मांडली. आपल्याकडे अंगाने सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही चरबी असते, यासाठीच भारतीयांकरता या इंडेक्समध्ये जादा वजनाची सीमा 23 आणि लठ्ठपणाची 25 धरली जाते, आणि कमरेचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. मात्र जलोदर झाला असेल, म्हणजे पोटात पाणी साठले असेल, तर टेपही फसवते, हे ध्यानात ठेवावे.

लठ्ठ रुग्ण हार्ट फेल्युअरमध्ये जास्त जगतात, असे एक निरीक्षण अनेक वर्षे सांगितले जात होते आणि त्याचा आधार घेऊन काही जण वजन उतरवण्याकडे दुर्लक्ष करतात. कमरेचा घेर भागिले उंची या मापाने पाहिले, तेव्हा तो फायदा दिसेनासा झाला. लठ्ठ माणसात बीएनपीची, म्हणजे हार्ट फेल्युअर ओळखण्यासाठी रक्तात तपासल्या जाणाऱ्या द्रव्याची, पातळीही मुळात कमी असते, त्यामुळे 'रिपोर्ट चांगला आहे' एवढ्यावर दमाची तक्रार बाजूला सारणे योग्य नाही.

वजन घटले की सगळे ठीक, हाही गैरसमजच. पाणी उतरले तर ते हवेच, आणि बेताने चरबी उतरली तरी हवेच. पण आजार जुना झाला, भूक मंदावली आणि दाह चालू राहिला, की स्नायू झिजू लागतात. सूज नसताना बारा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच टक्के घट झाली, म्हणजे 60 किलोंच्या माणसाचे तीन किलो कमी झाले, तर ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. अशा रुग्णाचा भात कमी करण्याऐवजी त्याला पुरेशी डाळ, दूध, अंडी मिळतात का ते पाहावे लागते. मूत्रपिंडांचा त्रास असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

रोजचे वजन सकाळी लघवी-शौचानंतर, न्याहारीआधी, त्याच काट्यावर आणि साधारण तेवढ्याच कपड्यांत करून वहीत लिहावे, आणि शेजारी पायांची सूज व उशांची संख्या टिपावी. तुलना करायची ती डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या 'कोरड्या' वजनाशी, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनाशी. हा आकडा कायमचा नसतो. सहा महिन्यांत स्नायू तीन किलोंनी झिजले आणि तेवढेच पाणी वाढले, तर काटा जुनेच वजन दाखवेल आणि वहीत सर्व काही नेहमीसारखे दिसेल. म्हणून प्रत्येक तपासणीच्या वेळी वही पुढे ठेवून कोरडे वजन पुन्हा ठरवून घ्यावे.