पहिली लेन्स ५० एमएमच घ्यायची का?

नवीन डीएसएलआर घेतला की हमखास ऐकायला मिळतं, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) टाकून दे, ५० एमएम घे (एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य अरुंद), ती माणसाच्या डोळ्यासारखं बघते. हे अर्धवट आहे, आणि त्यापायी नवशिके उगाच हिरमुसतात म्हणून लिहितोय.

५० एमएमचं हे म्हणणं ३५ एमएम फिल्मच्या काळातलं, म्हणजे फुल फ्रेमसाठी (त्या फिल्मएवढाच मोठा सेन्सर). नवशिक्यांसाठीच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये सेन्सर (फोटो टिपणारी चिप) लहान असतो, दृश्य तेवढं कापलं जातं, हा क्रॉप निकॉनचा १.५ पट, कॅननचा १.६, त्यामुळे तीच लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५-८० एमएमएवढंच दृश्य दाखवते. खोलीत चार माणसांचा फोटो काढायला गेलात की मागे सरकत सरकत पाठ भिंतीला टेकते तरी कडेचा माणूस अर्धा कापलेलाच! "डोळ्यासारखं" हवं असेल तर या कॅमेऱ्यावर ३५ एमएम बघा.

५० एमएम वाईट नाही हां, पोर्ट्रेटला झकास. एफ १.८ ला (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं) ती किट लेन्सच्या ५५ एमएमवरच्या एफ ५.६ पेक्षा नऊ-दहा पट प्रकाश आत घेते, हा फरक खरंच मोठा आहे. पण ती १८-५५ एमएमची किट लेन्स विकू नका, १८ ची रुंदी ५० कधीच देणार नाही. आधी महिना-दोन महिने तीच वापरा, मग आपले फोटो उघडून कुठल्या एमएमवर जास्त काढलेत ते बघा, ते फाईलमध्येच नोंदलेलं असतं.

आणि निकॉनवाल्यांनो, डी ३५०० किंवा डी ५६०० मध्ये फोकसची मोटर नाही, तेव्हा स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स नको, मोटर असलेली एएफ-एस घ्या, नाहीतर फोकस हातानेच करत बसावं लागेल.