हेडफोनच्या खोक्यावरचे शब्द आले कुठून

पहिला चांगला हेडफोन घ्यायला निघालेल्या माणसाची मागणी साधी असते. गेम खेळताना मागून कुणी येतंय हे कळावं आणि त्याच हेडफोनवर गाणंही मन लावून ऐकता यावं. शोधाशोध सुरू केली की समोर येतं ते वेगळंच: ओपन-बॅक, क्लोज्ड-बॅक, ३२ ओहम, २५० ओहम, स्टुडिओ मॉनिटर, ७.१ सराउंड, गेमिंग हेडसेट. हे शब्द एका काळातले नाहीत आणि एका कामासाठी जन्मलेलेही नाहीत. टेलिफोन एक्स्चेंज, रेडिओ केंद्र, रेकॉर्डिंग स्टुडिओ, खिशातला कॅसेट प्लेअर अशा निरनिराळ्या ठिकाणच्या अडचणींची ती उत्तरं आहेत. आज ती एकाच खोक्यावर शेजारी शेजारी छापली जातात आणि घेणाऱ्याला वाटतं, ही सगळी दर्जाचीच मापं.

स्टुडिओच्या वळणाचा हेडफोन घेतला तर खोक्यात बहुतेक वेळा एक जाडसर सोनेरी पिन मिळते, ६.३५ मिलिमीटरची. तिचा पूर्वज एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन स्विचबोर्डवरचा. ऑपरेटर एका भोकातून वायर उपसून दुसऱ्या भोकात खुपसायचे, त्यासाठी ती बनली. कानाला अडकवायचं यंत्रही त्याच खोल्यांमध्ये आलं, कारण ऑपरेटरला दोन्ही हात मोकळे हवे होते. संगीताचा संबंध आला तो १८८१ मध्ये. पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर पुढच्या बाजूला मायक्रोफोन मांडले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनापर्यंत आणल्या. लोकांनी दोन कानांना दोन रिसीव्हर लावले, तेव्हा गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे सरकतोय हे त्यांना ऐकूनच कळलं. हेडफोनने गेम खेळणारा आज जे शोधतो ते हेच, आणि ते स्टिरिओ रेकॉर्डच्या कितीतरी आधी सापडलं होतं.

मग मधली काही दशकं हेडफोन हे कामाचंच यंत्र राहिलं. युटाचे नॅथॅनिएल बाल्डविन १९१० च्या सुमारास स्वयंपाकघरात बसून हेडफोन जुळवायचे, आणि त्यांचं गिऱ्हाईक होतं अमेरिकन नौदल. घरी क्रिस्टल रेडिओ ऐकणाऱ्यांचे हेडफोनही याच जातीचे. त्या रेडिओला बॅटरीच नसायची, एरियलमध्ये येईल तेवढ्या क्षीण विजेवर हेडफोनमधला आवाज काढणारा पडदा हलवायचा. म्हणून कॉइलवर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असत आणि रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, हजारो ओहममध्ये जाई. आवाज कळेल असा असे, गोड वाटेल असा नव्हे. बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ आणला. स्पीकरमध्ये असते तशी चुंबकाच्या फटीत हलणारी कॉइल आणि तिला चिकटलेला पडदा, ही डायनॅमिक रचना हेडफोनमध्ये आली ती तिथून. आजचे बहुतांश हेडफोन, अगदी आरजीबी दिव्यांनी लखलखणारेसुद्धा, याच रचनेवर चालतात.

केवळ गाणं ऐकण्यासाठी हेडफोन घ्यावा ही कल्पना १९५८ ची. मिलवॉकीचे जॉन कॉस आणि मार्टिन लँग यांनी एक छोटा फोनोग्राफ तयार केला होता. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याला हेडफोन जोडला. प्रदर्शनात लोकांनी फोनोग्राफकडे फारसं लक्ष दिलं नाही, हेडफोन मात्र उचलून धरला. स्टिरिओ रेकॉर्डही त्याच वर्षी बाजारात येत होत्या, त्यामुळे वेळ अचूक साधली. कॉसचा एसपी/३ कान पूर्ण झाकायचा. त्या काळी हेडफोन असायचा तो असाच: जड, बंद आणि थोड्या वेळाने कानाला घाम आणणारा.

१९६८ मध्ये सेनहायझरने एचडी ४१४ काढला आणि पाठ उघडी ठेवली. पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा हा हलका हेडफोन लाखोंनी खपला. आजचा ओपन-बॅक म्हणजे त्याचाच वंश. बंद कपात पडद्यामागचा आवाज आत अडकतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि खर्जात, मधल्या सुरांत गढूळपणा आणू शकतो. पाठ उघडी असली की तो निघून जातो आणि गाणं डोक्याच्या आत कोंडल्यासारखं वाटणं कमी होतं. किंमत म्हणून बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपलं ऐकणं शेजारच्याला ऐकू जातं. बंद कपाची रचना करणं अवघड काम आहे, पण गोंगाटात तिला पर्याय नाही. म्हणून गायकाच्या कानावर बंद हेडफोन असतो, नाहीतर त्यातलं संगीत मायक्रोफोनमध्ये शिरेल. उघडा भारी आणि बंद दुय्यम अशी जी प्रतवारी नवख्याला ऐकवली जाते तिच्यात तथ्य कमी आहे. एकट्या खोलीत खेळत असाल तर उघडा घ्या. बाजूला पंखा, टीव्ही किंवा झोपलेलं माणूस असेल तर बंदच बरा.

ओहमचं प्रकरण याहून फसवं आहे. मीसुद्धा एकेकाळी आकडा जितका मोठा तितका हेडफोन सरस असं धरून चाललो होतो. मोठ्या आकड्यांचं मूळ स्टुडिओत आणि रेडिओ केंद्रात आहे. तिथे एकाच आउटपुटवर चार-पाच जणांचे हेडफोन समांतर जोडले जात. प्रत्येकाचा रोध जास्त असेल तर आउटपुटवर ताण येत नाही, आणि मोठ्या यंत्रांकडे व्होल्टेजची वाण नसते. म्हणून एकेजी कंपनीचा १९७५ चा के २४० पुढे ६०० ओहमच्या रूपात प्रसिद्ध झाला. दुसरं टोक सोनीच्या वॉकमनचं. १ जुलै १९७९ रोजी बाजारात आलेला टीपीएस-एल२ दोन पेन्सिल सेलवर चालायचा, म्हणजे जेमतेम ३ व्होल्ट. एवढ्याशा व्होल्टेजमधून पुरेसा आवाज काढायचा तर हेडफोनचा रोध कमीच हवा. त्याच्यासोबतचा हेडफोन जेमतेम ५० ग्रॅमचा होता आणि टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन होती, जी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. तेव्हा ३२ ओहम हा मुळात सेलवर चालणाऱ्या यंत्रांचा आकडा आणि २५० किंवा ६०० हा विजेच्या बोर्डाला जोडलेल्या यंत्रांचा. बायर यांच्याच कंपनीचा, बायरडायनॅमिकचा, डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन रूपांत मिळतो ते याचमुळे. शिवाय ओहम ही निम्मीच गोष्ट. एकेजीचा के ७०१ केवळ ६२ ओहमचा असून चांगलीच ताकद मागतो, कारण त्याची संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या विजेतून आवाज काढण्याची क्षमता, कमी आहे. मोबाइल किंवा कंट्रोलरला थेट जोडायचा असेल तर दोन्ही आकडे बघावे लागतात. वेगळा अँप, म्हणजे हेडफोनला जास्त ताकद पुरवणारं यंत्र, पहिल्याच दिवशी घ्यायची गरज सहसा नसते.

आता गेमकडे. दोन कानांनी दिशा कशी कळते हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच मांडलं होतं. बाजूने आलेला आवाज एका कानाला आधी पोचतो आणि दुसऱ्याला किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन तृतीयांशाएवढा. उंच सुरांच्या वाटेत डोकं आडवं येतं, म्हणून ते पलीकडच्या कानाला हळू ऐकू येतात. समोर की मागे, वर की खाली, हे मात्र बाहेरच्या कानाच्या वळ्या ठरवतात. आवाज तिथे आपटून कुठल्या सुराला उठाव देतो आणि कुठला दाबतो, यावरून मेंदू अंदाज बांधतो. डोकं आणि कान मिळून आवाजात करतात त्या या बदलांना एचआरटीएफ म्हणतात. हे बदल मोजून हेडफोनमधल्या आवाजावर चढवले तर दोनच ड्रायव्हर, म्हणजे प्रत्येक कपातला आवाज काढणारा एकेक भाग, चारी दिशा उभ्या करू शकतात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या नासाच्या एम्स केंद्रासाठी क्रिस्टल रिव्हर इंजिनिअरिंग या छोट्या कंपनीने कन्व्हॉल्वोट्रॉन नावाचं यंत्र बनवलं, ते हेच गणित जागच्या जागी करायचं. ही कंपनी पुढे ऑरियल या कंपनीकडे गेली आणि त्यातून ए३डी हे गेममधल्या आवाजाला दिशा देणारं तंत्र आलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी साउंडकार्डवर ए३डी लावून खेळलेले लोक अजूनही त्याच्या आठवणी काढतात. भिंतीवर आपटून येणारा आवाजसुद्धा ते हिशोबात धरायचं. प्रतिस्पर्धी क्रिएटिव्हने पेटंटचा दावा लावला. ऑरियल दावा जिंकली, पण खर्चाने मोडली, आणि २००० मध्ये क्रिएटिव्हनेच तिची मालमत्ता विकत घेतली. त्यात २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं. त्याने साउंडकार्डचा गेमशी असलेला थेट रस्ता बंद केला आणि या शाखेची वाढच खुंटली.

मधल्या पोकळीत ५.१ आणि ७.१ चे शिक्के आले. हे आकडे घरच्या थिएटरचे, खोलीत मांडलेल्या स्पीकरांची संख्या सांगणारे. काही कंपन्यांनी खरोखरच एकेका कपात तीन-चार छोटे ड्रायव्हर कोंबले. ते सगळे कानापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, मग मागचा आवाज मागून येणार कसा? बाकीच्यांनी सॉफ्टवेअरने आठ काल्पनिक स्पीकर उभे केले. त्यातलं काही बरं होतं, बरंच नुसतं घुमणारं. दरम्यान एचआरटीएफ गेमच्या आतच शिरलं. काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये ते २०१६ ला आलं, प्लेस्टेशन ५ मध्ये २०२० साली यंत्राचाच भाग बनून. गेम स्वतः हा हिशोब करत असेल तर त्याला डावी-उजवी अशा दोनच वाहिन्यांचा साधा, स्वच्छ हेडफोन हवा. त्यावर हेडसेटचं ७.१ चालू केलं तर एकच प्रक्रिया दोनदा होते आणि दिशा बिघडते.

मग ‘गेमिंग हेडसेट’ ही वेगळी जात कशी झाली? माझ्या मते त्याचं मुख्य कारण मायक्रोफोन. नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन खेळायची सेवा सुरू झाली तेव्हा सुरुवातीच्या संचातच एका कानाचा हेडसेट होता. संगणकावर त्याच काळात टीमस्पीक आणि व्हेंट्रिलो ही खेळता खेळता बोलायची सॉफ्टवेअर रुजत होती. बोलणं हा खेळाचा भाग झाला आणि चांगल्या हेडफोनला माइक नसायचा. ती फट भरायला जी बाजारपेठ उभी राहिली तिने गडगडाटी बेस आणि दिवे सोबत आणले. स्फोटाचा दणका छान वाटतो, पण फुगवलेला खर्ज वरच्या सुरांना झाकतो आणि पावलांची चाहूल त्यातच बुडते. म्हणजे गेमसाठी म्हणून केलेला बदल गेमच्याच मुळावर.

संगीताचा हेडफोन आणि गेमचा हेडसेट यांच्यातल्या भिंतीला तडे गेले ते २०१४ च्या आसपास. हायपरएक्सचा क्लाउड हा हेडसेट गेमरांमध्ये प्रचंड चालला. त्याची मांडणी आली होती स्वीडिश क्यूपॅडच्या हेडसेटवरून, आणि क्यूपॅडची चिनी टकस्टारच्या प्रो ८० या मॉनिटर, म्हणजे स्टुडिओत ऐकायच्या, हेडफोनवरून. थोडक्यात, संगीताच्या हेडफोनला माइक जोडला होता, एवढंच. त्याच सुमारास कुठल्याही हेडफोनला चुंबकाने चिकटणारा अँटलायनचा मॉडमाइक लोकप्रिय झाला. सेनहायझरने गेम वन हा उघड्या पाठीचा हेडसेट काढला.

संगीताच्या बाजूनेही एक जुना वाद याच काळात मिटत आला. हेडफोनचा आवाज ‘सपाट’ असावा म्हणजे नेमका कसा? कानाची नळी स्वतःच ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज वाढवते, आणि तो उठाव हेडफोनने राखला पाहिजे. जर्मनीच्या ग्युंटर थाइले यांनी १९८६ मध्ये चहूबाजूंनी सारखा आवाज येणारी खोली प्रमाण मानली. त्या धर्तीवरचे हेडफोन अनेकांना पातळ, काहीसे कडक वाटतात. हरमन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी साधारण २०१२ पासून लोकांना प्रत्यक्ष ऐकवून पसंती विचारली. बहुतेकांना हवा होता तो चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा तोल, खर्जात किंचित भर असलेला. आज अनेक कंपन्या या तोलाच्या जवळपास राहतात, त्यामुळे मध्यम किमतीतही संगीत आणि गेम दोन्हींना चालणारा हेडफोन मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. हा तोल दोघांनाही मानवतो, कारण वाद्यं एकमेकांपासून सुटी ऐकू येणं आणि पावलं स्फोटातून सुटी ऐकू येणं यात कानाच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

राहिला वायरलेसचा मुद्दा. २०१६ मध्ये आयफोन ७ ने ३.५ मिलिमीटरचं भोक काढून टाकलं आणि ब्लूटूथ घराघरांत पोचलं. गाण्याला उशीर जाणवत नाही, पण साध्या ब्लूटूथवर आवाज १५० ते २०० मिलिसेकंद मागे राहू शकतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये हा उशीर ९ ते १२ चित्रांचा होतो. म्हणून गेमचे वायरलेस हेडसेट आपला वेगळा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल, म्हणजे यंत्राला खोचायचा छोटा रेडिओ-तुकडा, घेऊन येतात. तो डोंगल मोबाइलला लावून गाणी ऐकायची तर काही वेळा पुन्हा एखादा अडॅप्टर शोधावा लागतो.