कलम ९३ आणि त्याच्या आधीचं बरंच काही

गुन्ह्याच्या आरोपात पकडलेल्या मुलांना ठेवतात त्या जागेला कोल्हापुरात आजही लोक ‘रिमांड होम’च म्हणतात. कायद्यातलं नाव निरीक्षणगृह. नाव बदलायला वेळ लागला, तिथल्या व्यसनी मुलांच्या उपचाराला त्याहून जास्त.

मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ साली झाला. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात आलं १ मार्च १९४९ ला. तेव्हाची मुख्य काळजी एकच: मूल मोठ्यांच्या तुरुंगात जाऊ नये. पुढे १९८६ च्या बाल न्याय कायद्यात व्यसन आलं खरं, पण कसं? मनोरुग्ण, कुष्ठरोगी आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेलं मूल, तिघं एकाच कलमात. त्यांना संस्थेतून हलवायचं कुठे, एवढाच प्रश्न.

सध्याचा २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९३ नुसार बाल न्याय मंडळ, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं चालवणारं न्यायपीठ, संस्थेतल्या मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवू शकतं, मात्र भरती ठेवून करायच्या उपचारांपुरतंच. गळती इथेच होते. कलम १२ खाली जामीन मिळून मूल घरी गेलं की हे कलम हातातून सुटतं.

दारू अचानक तुटली की थरथर, घाम ६ ते २४ तासांत सुरू होतो, आणि झटके साधारण पहिल्या दोन दिवसांत. पकडलेलं मूल मंडळापुढे येतं तेही २४ तासांच्या आत. ही थरथर नाटक समजण्यात वेळ घालवू नये, थेट सीपीआर (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) गाठावं. सोल्युशन (चिकटवायचा द्रव) हुंगणाऱ्या पोराचं गणित वेगळं. त्याची सवय सोडवणारं खास औषध नाही, समुपदेशन आणि महिनोन्‌महिने पाठपुरावा हाच उपचार. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत असे पदार्थ हुंगणारे १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के निघाले, मोठ्यांत ०.५८.

म्हणून जामिनाच्या आदेशातच परिविक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसरची) देखरेख आणि ओपीडीची पहिली तारीख मागून घ्यावी. मुलाच्या घरची, परिस्थितीची माहिती देणाऱ्या सामाजिक तपास अहवालाला १५ दिवसांची मुदत असते. त्यात ‘व्यसन: आहे’ एवढ्यानं डॉक्टरला काही कळत नाही. कोणता पदार्थ, रोज किती, शेवटचा कधी, कुणाच्या संगतीत, हे हवं. लघवीच्या तपासणीवर तर फार विसंबू नये: रोज गांजा ओढणाऱ्यानं तो सोडला तरी काही आठवडे चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि खरं बोलणारं पोर खोटं ठरतं.