'मी आलो' म्हणणाऱ्या बायका

कोल्हापूरकडची बाई सहज म्हणते, "थांब गं, मी आलो." शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं हे 'आलो' बाईंनी दुरुस्त केलं तेव्हा सगळा वर्ग हसला. पुढे कितीतरी दिवस ती वर्गात तोंड उघडत नव्हती.

खरं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. प्रमाण मराठीत एकटा पुरुष 'आलो' म्हणतो, एकटी बाई 'आले'. पण अनेकवचनात? 'आम्ही आलो' हे बायका-पुरुष सारखंच म्हणतात. म्हणजे 'आम्ही'पाशी हा लिंगभेद प्रमाण भाषेनंही सोडलाय. कोल्हापुरी बोलीनं तो 'मी'पाशीही सोडला, एवढंच. व्याकरण तिलाही आहे, फक्त ते आम्हाला कुणी शिकवलं नाही.

अभ्यासकांना या गोष्टी ठाऊक होत्या. ब्रिटिश काळातले अधिकारी आणि भाषा-अभ्यासक जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं, त्याचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला. पुढे भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, महाडची कुणबी अशा एकेका बोलीचं बारकाईनं वर्णन केलं. पण हे सगळं इंग्रजीत, ग्रंथालयाच्या कपाटात. ज्यांच्या तोंडून ते शब्द घेतले, त्यांच्या घरी ते परत गेलेच नाहीत, याची मला फार खंत वाटते.

म्हणून पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीनं हाती घेतलेलं बोलींचं सर्वेक्षण मला मोलाचं वाटतं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या गावांत जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, आणि शब्द व व्याकरणाचे नकाशे संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवले. 'मुलगा' हा एकच शब्द घ्या: कुठे पोरगा, कुठे लेक, वऱ्हाडात पोट्टा, मालवणीत झील.

असे नकाशे शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. बोली एखाद्या वेशीवर एकदम बदलत नाही. 'डोळा'चा 'डोया' करणारा प्रदेश आणि 'काय करून राहिला' म्हणणारा प्रदेश, दोन्ही विदर्भाकडचे, तरी त्यांच्या कडा जुळतीलच असं नाही. मधल्या गावांत दोन्हीकडचं थोडं थोडं ऐकू येतं, कधी तर एकाच घरात, सासूच्या तोंडी एक आणि सुनेच्या तोंडी दुसरं.