किलोमीटर कमी म्हणजे गाडी चांगली?

‘मीटरवर किलोमीटर कमी असतील तर जुनी गाडी डोळे झाकून घ्या,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. घरात लहान मूल, बजेट बेताचं, त्यामुळे तो पटतोही. पण तो अपुरा आहे.

मीटर डिजिटल असला तरी आकडा मागे फिरवता येतो. म्हणून सर्व्हिसची जुनी बिलं मागा. त्यांवर तारीख आणि किलोमीटर असतात. ते क्रमाने वाढतात का पाहा. टायरच्या बाजूवर तो कधी बनला हे सांगणारे चार अंक असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मीटर 15 हजार दाखवतो आणि चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे, तर कारण विचारा; एवढ्यात सहसा चारही टायर बदलावे लागत नाहीत.

आकडा खरा असला तरी उभी गाडीही खराब होते. ठाणे, नवी मुंबईत खाडीची दमट हवा. उघड्यावर पावसाळे काढलेल्या गाडीची बॅटरी उतरते, रबर कडक होतं, खालचा पत्रा गंजतो. त्यापेक्षा रोज वाशी-ठाणे धावलेली, वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी मी आधी बघेन. टोकन देण्याआधी ओळखीच्या मेकॅनिककडून ती लिफ्टवर चढवून खालून तपासून घ्या. मागचे सीटबेल्टही पूर्ण ओढून पाहा, मूल तिथेच बसणार आहे.